हवेहून हलके

दिल्लीची राजधानी रयतेसह उचलून देवगिरीच्या पायथ्याशी आणून ठेवावी, असे १३२७ साली महंमद तुघलकाला वाटले. खडकी नावाच्या खेड्याच्या जागी नहरी आणि खापरी नळांनिशी एक शहर उभे करावे, असे १६१० साली मलिक अंबरला वाटले. आणि डेरे, बाजार, हत्तीखाने व दप्तरखाने यांसह एक सबंध चालतेबोलते नगर पाठीशी घेऊन पाव शतक दख्खनभर हिंडावे, असे आलमगीर बादशहाला वाटले. असले तीन बेत ज्या भूमीवर क्रमाने अमलात आले, तेथील रहिवाशाला कोणतीही योजना अशक्य वाटत नाही. फार तर ती प्रलंबित वाटते. त्यामुळे हिमायतबागेत पहाटे पायांच्या व्यायामासाठी जमून जिभेचा व्यायाम करणाऱ्या आमच्या मंडळीत, प्रवासी वाहतुकीच्या वायुनौका जगात पुन्हा सुरू होत असल्याचे वृत्त जेव्हा येऊन थडकले, तेव्हा कोणी हसले नाही आणि कोणी चकितही झाले नाही. गुलमंडीवरच्या आमच्या शेटजींनी एवढेच विचारले, "आपल्याकडे थांबा कुठे देणार?"

वृत्त खरे होते. आमच्या वडिलांची पिढी जिला झेपेलिन म्हणून ओळखीत असे, ती वायुनौका पन्नास-साठ वर्षांच्या विजनवासानंतर पुन्हा आकाशात येऊ लागली आहे. जर्मनीत फ्रीडरिशहाफेन गावी, जेथे काउंट झेपेलिनने २ जुलै १९०० रोजी आपली पहिली नौका सरोवरावर उडविली, तेथेच त्याच्या नावाची नवी नौका २००१ सालापासून डझनभर उतारूंना घेऊन त्याच सरोवरावरून फेरफटका मारून आणते. इंग्लंडात कार्डिंग्टन येथे एअरलँडर नावाचे ९२ मीटर लांबीचे एक धूड १७ ऑगस्ट २०१६ रोजी प्रथम उडाले. पाठीमागून पाहताना त्याचा जो आकार दिसतो, त्यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला जे टोपणनाव बहाल केले, ते सभ्य मराठीत सांगण्याजोगे नाही. तरीसुद्धा स्पेनमधील एअर नोस्ट्रम या कंपनीने शंभर-शंभर उतारूंच्या दहा नौका २०२२ साली आपल्यासाठी राखून ठेवविल्या. गूगलच्या संस्थापकांपैकी सर्गे ब्रिन यांनी तर १२४ मीटर लांबीची 'पाथफाइंडर १' कॅलिफोर्नियात बांधवून उडविली आहे. माणसाजवळ पैसा एका मर्यादेपलीकडे साचला की त्याला तो हवेत सोडावासा वाटतो, या जुन्या सिद्धान्ताला त्यामुळे नवे प्रमाण मिळाले.

या नौकांचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास असतो, हे कळताच मंडळीतील तरुणांची, म्हणजे साठीच्या आतल्या दोघांची, निराशा झाली. कारण समृद्धी महामार्गावर मोटारीलाच कायद्याने १२० ची मुभा आहे आणि कायद्याविना तर सीमाच नाही. परंतु ज्यांचे आयुष्य मनमाड-काचीगुडा मीटरगेज पॅसेंजरमध्ये व्यतीत झाले, ज्यांनी गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी असताना खाली उतरून हुरडा खाल्ला आणि पुन्हा त्याच डब्यात येऊन त्याच जागेवर त्याच माणसाशी तोच वाद पुढे चालविला, त्या ज्येष्ठांना हा वेग किंचित उतावळाच वाटला.

मंडळीत भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. विमानाला हवेत नुसते टिकून राहण्यासाठीसुद्धा इंधन जाळावे लागते, वायुनौकेला वायूच तोलून धरतो, म्हणून इंधनात मोठी बचत होते, हे त्यांनी विशद केले. आणि पुढे सांगितले की, एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो वजन उचलतो. हा नियम ऐकताच शेटजी गंभीर झाले. त्यांनी मनातल्या मनात त्रैराशिक मांडले असावे. कारण ऐंशी किलोच्या गृहस्थास अधांतरी ठेवण्यासाठी ऐंशी घनमीटर, म्हणजे तीनशे चौरस फुटांची एक सबंध खोली भरून हेलियम लागतो, आणि शेटजी स्वतः दीड खोलीचे धनी आहेत. जिलेबीचा प्रत्येक किलो शेवटी आकाशात एक घनमीटर जागा मागतो, ही कल्पना त्या दिवशी प्रथमच कोणाच्या तरी मनाला शिवली. त्या सकाळी बागेबाहेरच्या गाड्यावर त्यांनी चहा बिनसाखरेचा मागविला. भजी मात्र पूर्ववत.

हा हेलियमही एक विलक्षण प्राणी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात जी पिवळी रेषा दिसली, तिच्यातून त्याचा पत्ता लागला. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन त्या वेळी गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता, परंतु विजयदुर्गकरांच्या मते हेलियमचे जन्मस्थान त्यांचाच किल्ला होय, आणि त्याचा वाढदिवस ते दर वर्षी १८ ऑगस्टला साजरा करतात. हा दावा मान्य केला तरी व्यवहारात उपयोग शून्य. कारण हिंदुस्थानाला लागणारा हेलियम बव्हंशी परदेशांतून, त्यातही पुष्कळसा कतारमधून आणावा लागतो. जन्म कोकणात आणि नोकरी आखातात, या बाबतीत तो कोकणातल्या शेकडो मुलांहून निराळा नाही. फक्त तो गणपतीला घरी येत नाही.

वायू कितीही हलका असला तरी वायुनौकेचा इतिहास हा आरंभापासून वजनाचाच इतिहास आहे. आणि तो सर्वांत स्पष्टपणे ज्या नौकेच्या कहाणीत दिसतो, ती नौका हिंदुस्थानाकडेच यायला निघाली होती. लंडनहून इजिप्तमार्गे कराचीपर्यंत वायुनौका चालवावी, असे ब्रिटिश सरकारने १९२४ च्या सुमारास ठरविले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे, म्हणजे हा थांबा, तसे पाहिले तर, आपल्या शेजारच्याच सुभ्यात मंजूर झाला होता. नौका बांधून ठेवण्यासाठी तेथे मनोरा उभारण्यात आला आणि सुमारे ८५० फूट लांबीचे एक प्रचंड छप्पर घालण्यात आले. नौकेचे नाव आर-१०१. आणि तिच्यावर जीव टाकणारे इंग्लंडचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांचा जन्म १८७५ सालचा, नाशिकचा. नाशिकाहून आमच्या मराठवाड्याकडे जे जे म्हणून यायचे असते, ते वरच्या धरणांत अडते असा आमचा अनुभव असल्यामुळे, हे नाव निघताच मंडळीत थोडी चुळबुळ झाली. पण नायबसाहेबांनी, म्हणजे आमच्या निवृत्त नायब तहसीलदारांनी, पुढचा मजकूर ऐकून घेण्याचा हुकूम केला.

आर-१०१ चे वजन कागदावर एक होते आणि प्रत्यक्षात दुसरेच निघाले. हिंदुस्थानच्या उन्हात पेट्रोल भडकेल, या भयाने तिला डिझेलची जड यंत्रे बसविण्यात आली. डोक्यावर लाखो घनफूट हायड्रोजन असताना पायाखालच्या पेट्रोलची चिंता करणे, ही दूरदृष्टी फक्त मोठ्या खात्यांनाच साधते. यंत्रे जड झाली, मग नौका उचलेना; उचलेना म्हणून तिचे मधोमध दोन तुकडे करून आत एक नवा खण घालण्यात आला. उड्डाणयोग्यतेचा दाखला निघण्याच्या वेळेस घाईघाईने, तात्पुरता म्हणून, हाती ठेवण्यात आला. दिवाणखान्यात गालिचे, भोजनाचा सरंजाम, आणि लॉर्डसाहेबांच्या खासगी सामानात गुंडाळी केलेला आणखी एक इराणी गालिचा, असा सगळा संभार चढला. परंतु सर्वांत जड वस्तू कोणत्याही काट्यावर चढली नाही. ती म्हणजे तारीख. लंडनच्या साम्राज्य-परिषदेत हिंदुस्थानची सफर आटोपून वेळेवर हजर व्हायचे, असे लॉर्डसाहेबांनी मनाशी धरले होते, आणि पुढेमागे व्हाइसरॉयच्या गादीवर त्यांची नेमणूक होणार अशी वदंताही होती.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, वारा-पाऊस असताना, नौका निघाली. मनोरा सोडताना वर उचलण्यासाठी तिला चार टन पाणी ओतून द्यावे लागले. त्याच रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ती कोसळून पेटली. ५४ जणांपैकी ४८ मृत्यू पावले. लॉर्ड थॉमसन त्यांत होते. चौकशीचे काम ज्यांच्याकडे आले, ते सर जॉन सायमन. दोनच वर्षांपूर्वी ज्यांना या देशाने काळी निशाणे दाखवून परत जाण्यास सांगितले होते, तेच हे गृहस्थ. हिंदुस्थानविषयी त्यांनी काय लिहिले ते सोडून देऊ. या प्रकरणी त्यांनी जो अभिप्राय लिहिला तो मात्र मार्मिक होता. सार्वजनिक धोरणाचा आग्रह नसता तर नौका त्या संध्याकाळी निघालीच नसती, असा त्याचा आशय. कराचीच्या त्या अवाढव्य छपराखाली एकही वायुनौका कधी आली नाही. आर-१०१ ची बहीण आर-१०० ही कॅनडाला जाऊन सुखरूप परतली होती. पण तीही मोडून भंगारात काढण्यात आली.

जर्मनांनी हे काम अधिक काटेकोरपणे केले. १९१४ पूर्वी त्यांच्या कंपनीने हजारो उतारू वाहिले आणि एकाही उतारूचा प्राण गेला नाही; पुढे ग्राफ झेपेलिनने १९२९ साली पृथ्वीप्रदक्षिणा केली. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग पेटली आणि ३६ माणसे गेली, तेव्हा हा अध्याय संपला. त्या हिंडेनबर्गमध्ये हायड्रोजनच्या कोठाराखाली धूम्रपानाची स्वतंत्र खोली होती, तिला दुहेरी दारे होती, आणि सबंध नौकेत विडी पेटविण्याचे साधन फक्त एक, तेही सेवकाच्या देखरेखीखाली. आणखी एक तपशील असा की, तिच्या सज्जाच्या खिडक्या उडत असताना उघडता येत असत.

खिडक्या उघडतात, हे ऐकून मंडळीचा उत्साह द्विगुणित झाला आणि माझा मात्र मावळला. हेलियम पेट घेत नाही, तेव्हा विडीकाडीचे भय उरले नाही, हे कबूल. परंतु आमच्या मुलुखाचे व्यसन ज्वालाग्राही कधीच नव्हते, ते द्रवरूप आहे. गाल फुगवून, हनुवटी वर करून, केवळ भुवयांनी उत्तरे देणारा जो उतारू एस. टी. च्या खिडकीशी बसतो, तोच उद्या हजार फुटांवर उघड्या खिडकीशी बसणार, आणि खाली मकबऱ्याचे पांढरे घुमट असणार. रस्त्यावर पिंकेचा बळी निदान ओळखीचा तरी असतो. आकाशातून आलेल्या पिंकेबद्दल फिर्याद कोणाविरुद्ध आणि कोणत्या ठाण्याच्या हद्दीत नोंदवावी, हा प्रश्न कायदेपंडितांना पिढ्यान्‌पिढ्या पुरेल.

हद्दीच्या या मुद्द्यावर नायबसाहेबांचा अधिकार वादातीत आहे. कारण आकाशातून पडलेल्या वस्तूचा पंचनामा त्यांनी सेवाकाळात प्रत्यक्ष केलेला आहे. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगाकेंद्र आहे. तेथून पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजनने भरलेले अजस्र फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातात, डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असल्याच फुग्याने ४१ किलोमीटर उंचीवरची हवा खाली आणवून तीत सूक्ष्मजीव शोधले. काम उरकले की यंत्रांचा पेटारा हवाईछत्रीने खाली उतरतो, आणि वाऱ्याची मर्जी असेल त्याप्रमाणे बीड, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली यांपैकी कोणत्याही जिल्ह्यातल्या कोणाच्याही रानात मुक्काम करतो. पेटाऱ्यास हात लावू नये, पोलिसांस अगर टपालकचेरीस वर्दी द्यावी, योग्य बक्षीस मिळेल, अशी सूचना दर मोसमात प्रसिद्ध होते. निजामाची रियासत १९४८ साली संपली. हैदराबादेहून काही तरी वरून येऊन पडण्याची आमची सवय मात्र सुटलेली नाही.

नायबसाहेबांच्या कथनाप्रमाणे, त्यांच्या हद्दीतला पेटारा ज्वारीत उतरला. गावाने प्रथम नारळ फोडला, मग पोलीस पाटलाने वर्दी दिली, मग तलाठी, मंडळ अधिकारी आणि नायबसाहेब अशी उतरंड शेतात येऊन उभी राहिली. पंचनाम्याचा छापील नमुना समोर असता चतुःसीमा लिहिणे प्राप्त होते. पूर्वेस उभी ज्वारी, पश्चिमेस बांध, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस भाऊबंदाची विहीर, येवढे सुरळीत लिहून झाल्यावर "मुद्देमाल कोणत्या दिशेने आला" हा रकाना आला, आणि पंचांत मतभेद झाला. अखेर नायबसाहेबांनी स्वहस्ते लिहिले, "वरून." शेतकऱ्याने पिकाच्या नुकसानीचा मावेजा मागितला, तेव्हा अतिवृष्टी, गारपीट आणि टोळधाड यांना तरतूद आहे, विज्ञानाला नाही, असे त्यास समजावून सांगण्यात आले. पेटारा मोहोरबंद होऊन रवाना झाला. फुग्याचे पॉलिथिन मात्र पंचनाम्याची शाई वाळेतो अदृश्य झाले होते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या गावातली कडब्याची एकही गंजी भिजली नाही.

तेव्हा वायुनौकेस लागणारी महसुली पूर्वतयारी आमच्या विभागात झालेली आहे. राष्ट्रीय पातळीवरही हालचाल आहे: संरक्षण संशोधन संस्थेच्या आग्रा येथील प्रयोगशाळेने बनविलेली एक वायुनौका ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशात श्योपूरहून सुमारे १७ किलोमीटर उंचीवर जाऊन ६२ मिनिटे तरंगून आली, पवईच्या आयआयटीतही हवेहून हलक्या यानांची प्रयोगशाळा आहे. या दोन्ही ठिकाणी काम सुरळीत चालण्याचे कारण मला उघड दिसते. त्यांच्या नौकांत माणसे बसत नाहीत.

माणसे बसू लागली की काय होईल, याचा आराखडा आम्ही बागेतल्या बाकावरच केला. मार्ग ठरला: चिकलठाणा, दौलताबाद, वेरूळ, आणि तेथून अजिंठा. अजिंठ्याचा रस्ता ज्यांनी गेल्या काही वर्षांत पाहिला आहे, त्यांना जमिनीचा स्पर्श टाळणारे कोणतेही वाहन प्रगतीचेच वाटेल. आणि सतराव्या लेण्यात ढगांतून अप्सरांसह उडत येणारा इंद्र रंगवून ठेवणाऱ्यांनीही हाच मार्ग सुचविलेला दिसतो. आसने शंभर. परंतु उद्घाटनाच्या फेरीत लोकप्रतिनिधी, माजी लोकप्रतिनिधी, भावी लोकप्रतिनिधी, त्यांचे स्वीय सहायक, अंगरक्षक आणि छायाचित्रकार धरून नायबसाहेबांनी हिशेब केला तो ९९ वर गेला, आणि उरलेल्या आसनावर चालक बसेल असे ठरले. सत्काराचे हार अलीकडे यारीने उचलून घालण्याचा प्रघात असल्यामुळे प्रत्येक हाराचे घनमीटर निराळे. शिवाय ९२ मीटर लांबीची कोरी पाठ आकाशात मोकळी फिरत असताना तीवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक न चढविणे, ही संयमाची पराकाष्ठा कोणत्या कार्यकर्त्याला जमेल? प्राध्यापकांनी बेरीज केली आणि नौका चिकलठाण्याहून हलणार नाही असा निर्वाळा दिला. त्यावर नायबसाहेब म्हणाले, "सर, हलली नाही तरी चालेल. उद्घाटन झाले म्हणजे पुरे."

वजनाच्या या अहंकारावर एकाच वाहनाने मात केली होती, ते म्हणजे पुष्पक. त्यात कितीही माणसे बसली तरी एक आसन रिकामेच राही, असे सांगतात. तरीही त्याची जी गत झाली ती आमच्या वेरूळच्या कैलास लेण्यात पाषाणात कोरलेली आहे. कैलासावरून पुष्पक पुढे जाईना. नंदीने मार्ग बंद असल्याचे सांगितले. सामान्य उतारू असता तर वळसा घालून गेला असता, पण आत रावण होता, म्हणून त्याने पर्वतच उचलून बाजूस सारण्याचा घाट घातला, आणि शंकरांनी नुसता अंगठा दाबताच तो वीस हातांनिशी खाली अडकला. वाहन निर्दोष होते. बसणाऱ्याला तारीख आणि इभ्रत सांभाळायची होती. लॉर्ड थॉमसन नाशिकला जन्मले. चार मजलांचा प्रवास करून कोणी त्यांना लहानपणीच वेरूळ दाखविले असते तर काही उपयोग झाला असता काय, कोण जाणे.

शेवटी मुद्दा आला तो नौका वर कशी चढते याचा. प्राध्यापकांनी सांगितले की, जुन्या नौकांत तोल राखण्यासाठी टनावारी पाणी भरलेले असे. उंची हवी झाली की ते पाणी खाली सोडून देत. हिंडेनबर्गला तर पाठीवर पडणारे पावसाचे पाणी पन्हाळ्यांनी साठवून घेण्याचीही सोय होती. हे वाक्य पुरे होते न होते तोच बागेत एकदम शांतता पसरली. मलिक अंबराची नहर आणि पाणचक्की आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. पैठणचा नाथसागर पन्नासएक किलोमीटरांवर भरलेला असतो. आणि नळाला पाणी मात्र चार-आठ दिवसांआड येते, तेही कोणत्या प्रहरी येईल हे पंचांगात नसते. अशा शहरावर एक वाहन येणार, आणि ते केवळ वर चढण्यासाठी टनावारी पाणी फुकट ओतणार! आर-१०१ ने मनोरा सोडताना चार टन ओतले होते, म्हणजे चार हजार लिटर, म्हणजे लहानसा एक टँकर. शेटजींचे त्रैराशिक या वेळी क्षणार्धात सुटले. वेग, हेलियम, पुष्पक, इंद्र, सगळे मागे पडले. नौका कोणत्या वॉर्डावरून वर चढणार, एवढाच प्रश्न उरला आणि त्यावरून जुने दोन स्नेही एकमेकांशी बोलेनासे झाले.

तंटा मिटविण्यासाठी नायबसाहेबांनी तिथल्या तिथे विभागीय आयुक्तांच्या नावे निवेदनाचा मसुदा केला, आणि आम्ही सर्वांनी त्याखाली सह्या केल्या. मजकूर असा: "सबब, अर्जदार नागरिकांची विनंती की, सदर वायुनौकेस या शहरी थांबा मंजूर व्हावा, निधीअभावी अगर अन्य कारणास्तव नौका येण्यास विलंब होत असल्यास, तूर्तास नौकेविना तिचे पाणी तेवढे एक दिवसाआड, सकाळी सहा ते सात या वेळेत, सोडण्याचे हुकूम व्हावेत."